अपंगांचा मोफत प्रवास : दाखला, पास आणि हक्क

मुंबईसारख्या शहरांत मनुष्य राहतो एकीकडे, पोटासाठीं जातो दुसरीकडे आणि औषधपाण्यासाठीं तिसरीकडे. धडधाकट माणसाच्या दृष्टीनें हें अंतर केवळ वेळेचें व पैशाचें असतें. परंतु ज्याचा पाय चालत नाहीं, डोळा पाहत नाहीं किंवा कान ऐकत नाहीं, त्याला तेंच अंतर दुप्पट होतें. त्याला जिना टाळून दूरची वाट धरावी लागते, गर्दीची गाडी सोडून द्यावी लागते आणि पुष्कळदां सोबतीस आणखी एक माणूस न्यावा लागतो. म्हणजे प्रवास एकाचा आणि तिकिटें दोन! अपंगांना प्रवासांत जी सवलत दिली जाते तिचें मूळ या साध्या हिशेबांत आहे. तिला कोणी दानधर्म समजूं नये.

हा हिशेब प्रत्यक्ष उदाहरणानें पाहणें बरें. हार्बर मार्गावर चेंबूर व मानखुर्द यांच्या मध्यें गोवंडी हें स्टेशन आहे. शिवाजीनगर, बैंगनवाडी अशा मोठ्या वस्त्या स्टेशनापासून दूर पसरलेल्या आहेत. तेथून स्टेशन गांठावयाचें तर बस हवी. बेस्टच्या साध्या बसचें किमान भाडें ९ मे २०२५ पासून ५ रुपयांवरून १० रुपये झालें. येथील एखादा कुबडी घेऊन चालणारा कामगार घरापासून स्टेशनापर्यंत एक आणि लोकलमधून उतरल्यावर कामाच्या ठिकाणापर्यंत दुसरी, अशा दोन बसगाड्या धरीत असेल, तर जाऊन येऊन चार तिकिटें, म्हणजे रोजचे ४० रुपये झाले. महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांचे १००० रुपये. सोबती असला तर २००० रुपये. आणि लोकलचा खर्च याहून निराळा. हातावर पोट असलेल्या घरांत या रकमेवरून नोकरी धरावयाची कीं सोडावयाची, मुलाला उपचारासाठीं आठवड्यांतून दोनदां न्यावयाचें कीं एकदांच, याचा निर्णय होत असतो. असे निर्णय कोणी मोठ्यानें बोलून दाखवीत नाहीं; मुलाचा व्यायामोपचार हळूहळू बंद पडतो, इतकेंच.

सवलतीचा पाया म्हणजे अपंगत्वाचा दाखला. पुढचे सर्व पास व ओळखपत्रें या दाखल्यावर उभीं असतात. म्हणून त्याचा विचार प्रथम केला पाहिजे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. त्याच्या जागीं २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्यांत प्रकारांची संख्या २१ झाली आहे. हात, पाय, डोळे व कान यांच्या उणिवांबरोबर थॅलेसीमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार, कंपवात, आम्लहल्ल्यानें आलेली विकृति, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा तींत समावेश आहे. सुशिक्षित घरांतही ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आजोबांचा हात कांपतो, त्यांना एकट्यानें बाहेर पडवत नाहीं, हें सर्वांना दिसतें. पण तो विकार कायद्याच्या यादींत आहे हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. बहुतेक सवलतींसाठीं अपंगत्वाचें प्रमाण निदान ४० टक्के असावें लागतें. दाखला मिळण्यास उत्पन्नाची अट नाहीं. तो गरिबाला मिळतो तसाच श्रीमंतालाही मिळतो.

हे टक्के कसे काढतात याविषयीं मोठा गैरसमज आहे. ते डॉक्टरांनीं अंदाजानें ठरवावयाचे नसून, केंद्र सरकारनें ठरवून दिलेल्या मोजमापाच्या पद्धतीनें काढावयाचे असतात. एकाच माणसांत दोन उणिवा असल्या तर त्यांची सरळ बेरीज करीत नाहींत. मोठा आंकडा जसाच्या तसा धरावयाचा. ९० मधून तो वजा करून जी बाकी राहील तिला लहान आंकड्यानें गुणावयाचें. गुणाकाराला ९० नीं भागावयाचें. आणि येणारा भागाकार मोठ्या आंकड्यांत मिळवावयाचा. समजा, एखाद्याच्या पायाची उणीव ३० टक्के व कानाची २० टक्के ठरली. ९० मधून ३० गेले, राहिले ६०. साठांना विसांनीं गुणिलें, १२०० झाले. त्यांस ९० नीं भागिलें, १३ हून किंचित् अधिक आले. एकूण ४३ टक्के. या दोहोंपैकीं कोणतीही एक उणीव एकटी असती तर हा मनुष्य सवलतीबाहेर राहिला असता. दोन्ही नोंदल्यामुळें तो आंत आला. यास्तव तपासणीच्या वेळीं डॉक्टरांपुढें केवळ ठळक व्यंग सांगून थांबूं नये. जें जें असेल तें तें सांगावें आणि त्याचे जुने कागद दाखवावे.

अर्ज करण्याची रीत आतां पुष्कळ सुटसुटीत झाली आहे. १ जून २०२१ पासून हे दाखले केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळामार्फतच दिले जातात. अर्जांत नांव, जन्मतारीख, पत्ता व अपंगत्वाचा प्रकार भरून छायाचित्र, सही किंवा अंगठा आणि ओळखीचा व पत्त्याचा पुरावा जोडावयाचा. मग तपासणीसाठीं रुग्णालय निवडावयाचें. तेथून बोलावणें आलें कीं मूळ कागद, एक्स-रे, चांचण्यांचे अहवाल व औषधोपचाराच्या चिठ्ठ्या घेऊन जावें. अर्जावरील नांव व आधार कार्डावरील नांव अक्षरशः एक असावें. एका वेलांटीच्या फरकानें पुढें प्रत्येक खिडकीवर अडथळा येतो. तपासणीनंतर दाखला व १८ अंकाक्षरांचा क्रमांक असलेलें कार्ड मिळतें. कार्डावरील पट्टा ४० टक्क्यांच्या आंत पांढरा, ४० पासून ८० च्या आंत पिवळा आणि ८० व त्यावर निळा असतो. हा दाखला साऱ्या देशांत ग्राह्य आहे. म्हणजे मुंबईचा दाखला बेळगांवांत वा इंदुरांतही चालतो.

येथें एक विपरीत गोष्ट दृष्टीस पडते. प्रवास सुलभ करणारा कागद मिळविण्यासाठींच सर्वांत कष्टाचा प्रवास करावा लागतो! हाजीअली येथें १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. गोवंडीहून तेथें लोकलनें जावयाचें म्हणजे कुर्ल्यास गाडी बदलावयाची, दादरला पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जावयाचें, मग महालक्ष्मीस उतरून पुन्हां बस किंवा टॅक्सी पाहावयाची. यासाठीं रुग्णालय निवडतांना घराजवळचें कोणतें यादींत आहे, आपल्या व्यंगाचा तज्ज्ञ तेथें आहे कीं नाहीं आणि तपासणीचा वार कोणता, हें आधीं विचारून घ्यावें. धडधाकट शेजाऱ्यानें एक फेरी मारून ही चौकशी केली, तर अपंग माणसाच्या तीन फेऱ्या वांचतात.

दाखला हातीं आला म्हणजे सर्व वाहनें एकदम मोफत झालीं, असें मात्र नाहीं. प्रत्येक संस्थेचा नियम निराळा आहे. बेस्टची गोष्ट प्रथम घेऊं. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं ही संस्था मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली. म्हणून तिनें द्यावयाची सवलत ही एका अर्थीं सबंध नगरानें आपल्या अपंग बांधवाला दिलेली सवलत होय. तिच्या बसमध्यें ४० टक्के व त्यावरील अपंगत्व असलेल्या व्यक्तीला मोफत प्रवासाची सोय आहे. त्यासाठीं बेस्टकडे अर्ज करून, दाखला व राहण्याचा पुरावा दाखवून, तिचा स्वतंत्र पास काढावा लागतो. नुसता रुग्णालयाचा दाखला कंडक्टरपुढें धरून वाद घालूं नये. सोबत्याचें तिकीट आपोआप माफ झालें असेंही समजूं नये. पास घेतांनाच तें स्पष्ट विचारून घ्यावें.

राज्य परिवहनाच्या, म्हणजे एस. टी. च्या साध्या गाडींत ४० टक्क्यांवरील अपंगाला भाड्यांत ७५ टक्के सूट मिळते, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास त्याच्या सोबत्यालाही ५० टक्के सूट मिळते. मुंबई मेट्रोच्या २अ व ७ या मार्गांवर १ मे २०२३ पासून कायम अपंगत्व असलेल्यांना फेऱ्यांच्या पासावर २५ टक्के सवलत सुरू झाली.

रेल्वेचा हिशेब सर्वांहून वेगळा आहे आणि घोटाळा बहुधा येथेंच होतो. रेल्वे टक्के पाहत नाहीं. ती चार वर्ग मानते : सोबत्यावांचून प्रवास करूं न शकणारे अस्थिव्यंग, त्याचप्रमाणें सोबत्यावांचून प्रवास करूं न शकणारे बौद्धिक अक्षमतेचे लोक, पूर्णतः दृष्टिहीन, आणि ज्यांना ऐकूं व बोलतां दोन्ही येत नाहीं असे लोक. पहिल्या तिन्ही वर्गांना दुसऱ्या वर्गाच्या भाड्यांत ७५ टक्के सूट आहे व तीच त्यांच्या एका सोबत्याला मिळते. चौथ्या वर्गाला ५० टक्के. लोकलच्या महिन्याच्या व तीन महिन्यांच्या पासावर ही सूट ५० टक्के असते. याचा परिणाम असा, कीं ज्याला ऐकूं येत नाहीं पण बोलतां येतें, त्याला बस मोफत आणि लोकलचें भाडें पूर्ण! शरीर एक आणि नियम तीन, ही स्थिति ध्यानांत घेऊनच अर्ज करावा. म्हणजे नकार आला तरी मनुष्य गोंधळून जात नाहीं.

रेल्वेच्या सवलतीसाठीं सरकारी डॉक्टरांचें विहित नमुन्यांतील प्रमाणपत्र लागतें आणि त्यावरून रेल्वे स्वतःचें छायाचित्रयुक्त ओळखपत्र देते. कायम अपंगत्व असल्यास हें प्रमाणपत्र २५ वर्षें वयापर्यंत पांच वर्षें, २६ ते ३५ वयांत दहा वर्षें आणि त्यापुढें आजन्म चालतें. म्हणून तरुण मुलामुलींच्या आईबापांनीं मुदतीची तारीख घरांतील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. मार्च २०२० मध्यें रेल्वेनें ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, तेव्हां अपंगांचीही गेली असें पुष्कळांनीं मानलें. तें खरें नव्हे. या चार वर्गांची आणि कर्करोगासारख्या ठराविक आजारांच्या रुग्णांची सवलत तेव्हांही कायम राहिली.

लोकलमधील राखीव डब्याबद्दल दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तो डबा मोफत नाहीं. तेथेंही तिकीट वा पास लागतो. त्यांत अपंगांबरोबर कर्करोगाचे रुग्ण व गरोदर स्त्रियाही बसूं शकतात. बाकीच्यांनीं ‘एवढ्या एका स्टेशनापुरतें’ म्हणून त्यांत शिरणें म्हणजे ज्याला दुसरा डबाच नाहीं त्याची जागा घेणें होय. तसेंच, बाहेरून न दिसणारी व्याधि असलेल्या माणसाकडे संशयानें पाहणेंही बरें नव्हे. बहिरेपण किंवा रक्ताचा विकार चेहऱ्यावर लिहिलेला नसतो.

टक्के चुकीचे ठरले असें वाटल्यास किंवा दाखला नाकारला गेल्यास मार्ग बंद होत नाहीं. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमानें अपिलाचा अधिकार दिला आहे. नकार लेखी मागावा, त्याची प्रत जपून ठेवावी आणि मगच अपील करावें. उलट, खोटा दाखला घेऊन सवलत लाटणाऱ्यास ९१ व्या कलमान्वयें दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. अशा प्रत्येक खोट्या दाखल्यामुळें खऱ्या अपंगाला खिडकीवर अधिक प्रश्न विचारले जातात, हें त्याचें मोठें पाप.

इतर देशांतही हीच वाट चोखाळली गेली आहे. इंग्लंडांत एप्रिल २००८ पासून पात्र अपंगांना देशांतील कोणत्याही स्थानिक बसमध्यें गर्दीची सकाळची वेळ सोडून मोफत प्रवास करतां येतो. जर्मनींत तीव्र अपंगत्व असलेल्या ठराविक वर्गांना हिरव्या-नारिंगी ओळखपत्रावर एक मुद्रांक लावून जवळच्या प्रवासाची सूट मिळते, आणि अंधांना तो मुद्रांकही विनामूल्य देतात. संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्कविषयक करारास भारतानें १ ऑक्टोबर २००७ रोजीं मान्यता दिली. २०१६ चा कायदा हा त्याच कराराच्या पूर्ततेसाठीं झाला. त्याचें ४१ वें कलम केवळ भाड्याविषयीं बोलत नाहीं. बसथांबे, स्थानकें व वाहनें अपंगांना वापरतां येतील अशीं करावीं, असें तें सांगतें. भाडें माफ झालें पण बसची पायरी गुडघाभर उंच राहिली, तर तो पास खिशांतच राहावयाचा.

शेवटीं मुख्य अडचण राहते ती संकोचाची. सुखवस्तु घरांत ‘आपल्याला काय कमी आहे’ म्हणून दाखला काढीत नाहींत आणि मग घरांतील अपंग व्यक्ति प्रत्येक वेळीं दुसऱ्याच्या सवडीची व पैशाची वाट पाहते. गरीब घरांत अर्ज भरतां येत नाहीं म्हणून दाखला निघत नाहीं. पहिल्या घरानें आपला संकोच सोडावा आणि दुसऱ्या घराचा अर्ज भरून द्यावा. त्यास एक संध्याकाळ पुरते. आणि ज्याला पास मिळाला, तो दुसऱ्या दिवशीं कोणाला न विचारतां घराबाहेर पडूं शकतो.