रेषेखालचा उजेड

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावून पाहा. भिंतीवर एक रेष उमटते. तिच्या वर जवळपास अंधार, खाली भरगच्च उजेड, आणि डाव्या बाजूला तीच रेष तिरकी होऊन वर चढते. वरचा अंधार समोरून येणाऱ्या चालकासाठी राखलेला असतो. डावीकडचा चढ असतो रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस, बिनदिव्याची सायकल आणि वळणाची पाटी वेळेत दिसावी म्हणून. हेडलाइटच्या रचनेतली सगळी हुशारी या रेषेत साठलेली आहे. घरच्या घरी हेडलाइट सुधारायला, सजवायला निघालेल्या माणसानं पाना हातात घेण्याआधी ही रेष नीट पाहून घ्यावी. काचेपासून बल्बपर्यंत काय वाटेल ते करा, पण काम संपल्यावर ती जागच्या जागी सापडली पाहिजे.

ती घडायला बराच काळ लागला. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे होते. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. 1912 मध्ये कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. 1925 मध्ये ओस्रामचा बायलक्स बल्ब आला. त्याच्या एकाच काचेत दोन तारा होत्या, एक लांबच्या उजेडासाठी आणि दुसरी जवळच्या. आपण ज्याला अप्पर-डिपर म्हणतो, त्याची ही सुरुवात. एका बाजूला चढणारी रेष युरोपात 1957 मध्ये रुळली. 1962 मध्ये मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब, एच-1, आला आणि 1971 मध्ये एच-4. भारतातल्या असंख्य गाड्यांत आजही हाच एच-4 आहे: अप्परला 60 वॅट, डिपरला 55 वॅट.

आपल्याकडे हेडलाइटला हात लावण्याची सवयही जुनी आहे. 1971 च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी गाड्यांच्या हेडलाइटना काळं फासलं गेलं. पुढे कितीतरी वर्षं काचेच्या वरच्या भागावर काळा रंग लावलेला असे, समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून. ॲम्बॅसॅडर, जीप, जिप्सी या गाड्यांचा सात इंची गोल हेडलाइट बदलणं तर घरगुती कामच होतं. बाहेरची कडी काढायची, काच आणि रिफ्लेक्टरचा जोड बाहेर घ्यायचा, नवा बसवायचा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून फिरणाऱ्यांच्या दोन पिढ्या या कामावर तयार झाल्या.

पिवळी पडलेली काच

आज ज्याला आपण काच म्हणतो, ती बहुतेक गाड्यांत काच नसतेच. ते पॉलिकार्बोनेट असतं. हलकं आणि सहज न फुटणारं, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे नाजूक. म्हणून कारखान्यात त्यावर एक कठीण, पारदर्शक थर चढवतात. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा हा थर झिजतो, सोलवटतो, आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं, धुरकट होतं. त्यातून उजेड कमी जातोच, शिवाय जातो तो विखरून. म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याला जास्त टोचतं. घरी करायच्या कामांत हे पहिलं असावं. खर्च थोडा आणि फरक मोठा.

हेडलाइटच्या भोवती मास्किंग टेप लावून बॉडीचा रंग झाकून घ्या. मग भरपूर पाणी घेऊन वॉटर पेपर: आधी 800 किंवा 1000 नंबरचा, मग 1500, मग 2000. दर नंबरला घासण्याची दिशा बदलली, की आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. सुरुवातीला पिवळट दुधासारखं पाणी निघतं. ते पांढरं निघू लागलं की जुना थर गेला असं समजावं. मग रबिंग कंपाउंडनं चमक आणायची.

पुष्कळ जण इथेच थांबतात, आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते. टूथपेस्ट लावून चमकवलेल्या काचेचंही तेच होतं. जुना संरक्षक थर आपणच घासून काढलेला असतो, त्याच्या जागी नवा आलेला नसतो. त्यामुळे शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे. दोन भाग मिसळून वापरायचा क्लिअर जास्त टिकतो, मात्र त्यात आयसोसायनेट असतात. ते काम मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच करावं.

वायरिंगमध्ये गळणारा उजेड

जुन्या गाड्यांचा दुसरा आजार डोळ्यांना दिसत नाही. अप्परला दोन्ही बल्ब मिळून 120 वॅट खातात, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर प्रवाह. हा सगळा प्रवाह बारीक वायरींतून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून आला, की वाटेत व्होल्टेज पडतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्होल्टेज 10 टक्के कमी पोहोचलं की उजेड सुमारे 30 टक्के घटतो. अशा गाडीचा मालक नवे, जास्त वॅटचे बल्ब विकत आणतो. त्यांना प्रवाह आणखी लागतो, वायरी आणखी तापतात आणि होल्डर वितळतो.

याचा उपाय रिले. बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीच्या जवळच फ्यूज, आणि डिपर-अप्परसाठी एकेक रिले. रिलेच्या पायांवर नंबर कोरलेले असतात. 85 आणि 86 मध्ये स्विचकडून येणारा नाममात्र प्रवाह जातो, 30 ला बॅटरी, 87 मधून बल्ब. स्विचनं फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेनं उचलायचं. तयार वायरिंग किट बाजारात मिळतं आणि कपलरनं जोडलं तर मूळ वायर कापावी लागत नाही. काम सुरू करण्याआधी आणि नंतर, दिवे चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर मल्टिमीटर लावून पाहावं. तिथला आकडा वर चढलेला पाहण्यासारखं सुख नाही. नव्या गाड्यांत मात्र दिव्यांवर कंट्रोल युनिटची नजर असते. तिथे वायरी कापायला जाऊ नये.

बल्ब बदलण्याचा मोह

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये, हे बहुतेकांना माहीत असतं. बोटाचं तेल तापलेल्या क्वार्ट्झवर डाग धरतं, तिथे उष्णता साठते आणि बल्ब लवकर जातो. पण खरी मेख बल्बच्या आत आहे. एच-4 मध्ये डिपरच्या तारेखाली धातूचा छोटासा कप असतो. तो खाली जाणारा उजेड अडवतो, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच वापरला जातो आणि उजेड रस्त्याकडे वळतो. त्या कपाची एक कड 15 अंशांनी कललेली असते. भिंतीवर चढणारी तिरकी रेष तिथून येते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक चौरस सेंटीमीटर त्या तारेची जागा आणि लांबी गृहीत धरून घडवलेला असतो.

आता त्याच जागी एलईडी बल्ब बसवला, तर तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप येतात. त्यांचा उजेड तारेसारखा सगळीकडे सारखा पसरत नाही, आणि चिप तारेच्या नेमक्या जागी असेलच असं नाही. रस्त्यावर गाडीसमोर पांढराशुभ्र चौकोन पडतो, चालक खूश होतो, पण रेष फाटलेली असते. जर्मनीत 2020 मध्ये ओस्रामच्या हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला परवानगी मिळाली, तीही तपासून यादीत घातलेल्या गाड्यांपुरतीच. म्हणजे बल्ब चांगला असणं पुरेसं नाही. त्या विशिष्ट रिफ्लेक्टरशी त्याचं जमतं की नाही, हे मोजून पाहावं लागतं.

प्रोजेक्टरची गोष्ट वेगळी. त्यात लंबवर्तुळाकार रिफ्लेक्टर बल्बचा उजेड दुसऱ्या नाभीजवळ गोळा करतो. तिथे धातूची एक पट्टी उभी असते आणि पुढचं भिंग त्या पट्टीच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर फेकतं. पट्टीची कड म्हणजेच आपली रेष, आणि ती सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ येते. अप्पर लावला की विद्युतचुंबक पट्टी खाली पाडतो. म्हणून घरी खटपट करणाऱ्या हौशी मंडळींना प्रोजेक्टरचं इतकं वेड. मात्र उजव्या बाजूनं गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनलेला प्रोजेक्टर आणला, तर त्याचा चढ उजवीकडे असतो. आपल्या रस्त्यावर तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. घेण्याआधी बारा व्होल्टवर लावून भिंतीवर पाहा. चढ डावीकडे नसेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

प्रोजेक्टर बसवायचा तर हेडलाइट उघडावा लागतो. अनेक हेडलाइटची काच ब्युटिल रबरानं चिकटवलेली असते. सुमारे 100 अंश सेल्सिअसला ते मऊ होतं. पॉलिकार्बोनेट 145 अंशांच्या आसपास नरम पडतं, त्यामुळे हीट गन एका जागी रोखून धरायची नाही. आतली चमकदार चौकट काळी करायची असेल तर हीच वेळ. रिफ्लेक्टरच्या चंदेरी थराला मात्र फडकंही लावू नये, तो हाताखाली निघून येतो. बंद करताना जुनं ब्युटिल काढून नवं भरायचं, आणि हवा खेळण्याच्या नळ्या मोकळ्या ठेवायच्या. त्या बुजल्या तर पहिल्याच पावसाळ्यात आत बाष्प धरतं.

भिंतीवरचं मोजमाप

काम कोणतंही केलेलं असो, शेवट भिंतीशीच. सपाट जमीन, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या सीटवर माणूस, डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं बटण शून्यावर. गाडी भिंतीला भिडवून दोन्ही हेडलाइटच्या मध्यावर टेप लावा आणि सरळ 10 मीटर मागे या. साधारण एक टक्का उतार हवा, म्हणजे रेष टेपच्या 10 सेंटीमीटर खाली. जागा कमी असेल तर 5 मीटरवर 5 सेंटीमीटर. हेडलाइटच्या मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा, दुसरा डावी-उजवीकडे नेणारा.

हे आकडे किरकोळ वाटतील, म्हणून हिशेब करून पाहू. हेडलाइट जमिनीपासून 70 सेंटीमीटरवर असेल, तर एक टक्का उतारानं रेष 70 मीटरवर रस्त्याला टेकते. ताशी 80 किलोमीटर वेगानं ते अंतर तीन सेकंदांत संपतं. आता हेडलाइट अवघा एक अंश वर उचला. 70 मीटरवर रेष जमिनीपासून सुमारे 1.2 मीटरवर जाते, आणि समोरच्या कारचालकाचे डोळे तिथेच असतात. गणपतीला कोकणात निघालेली, पाच माणसं आणि मागे सामान भरलेली गाडी नाक वर करते, तेव्हा हेच घडतं. लेव्हलिंगचं बटण त्यासाठीच दिलेलं आहे, आणि कशेडी घाटाच्या वळणांवर समोरून येणाऱ्याला त्याची किंमत कळते.

पुण्याच्या कोथरूडमध्ये एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे, 1966 पासूनची. हेडलाइट तपासताना उजेड किती पडतो एवढंच पाहत नाहीत. समोरच्या चालकाच्या डोळ्यांशी जुळणाऱ्या बिंदूवर तो किती कमी पडतो, हेही मोजतात. कायद्याचा भरही तिथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाहीत. काच साफ करणं, वायरिंग निरोगी ठेवणं, त्याच वॅटचा बल्ब घालणं आणि रेष जुळवणं ही देखभाल आहे. प्रोजेक्टर आणि एलईडी बसवणं हा बदल आहे. सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेणाऱ्यानं ही मर्यादा ओळखून पावलं टाकावीत. माझ्या मते पहिली चार कामं नीट केली, तर बहुतेक गाड्यांना पाचव्याची गरज उरत नाही.

सगळं झाल्यावर एक परीक्षा जरूर द्या. रात्री मोकळ्या, सपाट जागी आपली गाडी डिपर लावून उभी करा. पन्नास-साठ मीटरवर, तिच्याकडे तोंड करून, मित्राची गाडी लावा आणि तिच्या चालकाच्या सीटवर स्वतः बसा. घरच्या कामाचा खरा निकाल त्या सीटवरून लागतो, कारण आपल्या हेडलाइटसमोर रोज रात्री तिथूनच अनोळखी माणसं येत असतात. त्या सीटवर डोळे बारीक करावे लागले, तर परत भिंतीसमोर जा आणि स्क्रू फिरवा.