परसातला तलाव : दगडाआधी पाण्याचा हिशेब

बंगळुरूच्या कोरमंगला भागात परसात पोहण्याचा छोटा तलाव, एका कडेला खडकांवरून उतरणारा धबधबा आणि भोवती बाग, अशी रचना करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम विचार करावयाचा तो दगडाचा नव्हे, पाण्याचा. मार्च २०२४ मधील तीव्र टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती. आदेश मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड आणि उल्लंघन सुरू राहिल्यास दररोज आणखी ५०० रुपये, अशी तरतूद होती. बागा व शोभेच्या कारंज्यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यावर मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा बंदी घातली.

या कठोरपणाचे कारण भूगोलात आहे. बंगळुरूजवळ बारमाही मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंचीवर चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पाचव्या टप्प्यातून दररोज ७७.५ कोटी लिटर वाढीव पाण्याची सोय झाली. परंतु ती प्रामुख्याने शहरात नंतर समाविष्ट झालेल्या ११० गावांसाठी आहे.

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४०,००० लिटर पाणी मावते. माणशी १३५ लिटर या नेहमीच्या मापाने चौघांच्या कुटुंबाला ते ७४ दिवस पुरेल. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी रोज १६० लिटर पाणी हवेत जाते. धबधबा चालू असेल तर त्याहून अधिक.

यावर उपाय छपरावर आहे. बंगळुरूत वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावरून, वाया जाणारे वगळूनही, सुमारे ७५,००० लिटर पाणी मिळू शकते. अडचण एवढीच, की पावसाचा मोठा भाग जून ते ऑक्टोबरमध्ये पडतो आणि तलावाची तहान वाढते मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून आराखड्यात भूमिगत टाकीची जागा आधी निश्चित करावी आणि उरलेल्या जागेत तलाव बसवावा. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे. साठवलेले पाणी गाळून, क्लोरीन घालूनच तलावात घ्यावे.

दगडाच्या बाबतीत शहर भाग्यवान आहे. लालबागेतील सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा खडक प्रसिद्धच आहे. देवनहळ्ळीजवळच्या सादरहळ्ळीचा करडा ग्रॅनाइट बांधकामात सर्वत्र दिसतो. मात्र एक घनमीटर ग्रॅनाइट सुमारे २.७ टन भरतो. असे खडक तलावाच्या भिंतीवर रचल्यास भिंतीला तडे जाऊन गळती सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून धबधब्याला स्वतंत्र पाया हवा. चुनखडीचा दगड टाळलेला बरा. कोसळणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याचा क्षारधर्म वाढतो, आणि तो उतरवण्यासाठी घातलेले आम्ल चुनखडी झिजवते. ग्रॅनाइटवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

कोरमंगला हा खोलगट खोऱ्याचा भाग आहे आणि तेथील नाल्यांचे पाणी बेळ्ळंदूर तलावाकडे वाहते. पावसाळ्यात भूजल वर आले असता रिकामा केलेला तलाव खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो. तळाशी दाब सोडणारी झडप बसवण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो.

बागेसाठी सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी चालते, पोहण्यासाठी नाही. त्यामुळे दोन्ही नळ वेगळे ठेवावेत आणि बागेचे पाणी तलावात झिरपणार नाही असा उतार द्यावा. हिरवळ सर्वांत तहानलेली, ती जेवढी कमी तेवढी बरी. गुलमोहराची बारीक पाने जाळीत अडकतात, तर कण्हेर विषारी असल्याने मुले खेळतात तेथे नको.

ज्यांचे तलाव आधीच बांधून झाले आहेत, त्यांच्यासाठी दोन साधे उपाय उरतात. वापर नसताना पाण्यावर आच्छादन घालावे आणि धबधब्याचा पंप दिवसभर न चालवता कोणी बसायला आल्यावरच सुरू करावा.