पीळ सुटतो तेव्हा

अंडं उकडलं की घट्ट होतं. बटाटा उकडला की मऊ होतो. आता सांगा बरं, मांस शिजवलं की काय होतं?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. या उत्तराला आठ तास लागतात.

त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जायचंय, कॅन्सस सिटी नावाच्या शहरात. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता एखाद्या स्वयंपाकघरात डोकावलात, तर ओट्यावर एक जाडजूड भांडं दिसेल. आत चिनीमाती, बाहेर धातूचं कवच, वर काचेचं झाकण आणि मागून निघालेली वायर. हा स्लो कुकर. तळाला कांद्याच्या चकत्या पसरल्या आहेत. त्यांच्यावर बीफच्या, म्हणजे गाईबैलाच्या मांसाच्या, बोटभर जाड बरगड्या रचल्या आहेत. त्यांना मीठ, मिरपूड आणि लाल पाप्रिका चोळलीय. वरून बार्बेक्यू सॉस ओतलाय: टोमॅटो, व्हिनेगर आणि मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीची काळीशार बहीण. झाकण लावलं, बटण ‘लो’वर फिरवलं, आणि घरातली माणसं चक्क बाहेर निघून गेली!

आपल्याकडे बऱ्याच घरांत बीफ खात नाहीत, आणि कितीतरी घरांत मांसच शिजत नाही. पण काचेच्या झाकणातून आत बघायला कुणाची ना नाही. आत जे चाललंय ते बघण्यासारखंच आहे.

तीन-चार तासांनी एक तुकडा काढून चावलात, तर तोंड वाकडं कराल. वातड! दात दुखतील, पण तुकडा तुटणार नाही. वाटेल, बिघडलं सगळं. पण तसंच राहू द्या. संध्याकाळी पाच वाजता झाकण उघडा आणि हाडाला धरून बरगडी उचला. हाड एकटंच हातात येतं. मांस मागेच राहतं, सॉसमध्ये लोळत, काट्याने नुसतं ढकललं तरी सुटं होणारं.

म्हणजे मांस आधी अंड्यासारखं वागलं आणि मग बटाट्यासारखं. एकाच भांड्यात, एकाच दिवशी, दोन्ही!

हे कसं झालं ते कळायला तुमचा हात तुमच्याच बरगड्यांवर ठेवा. खोल श्वास घ्या. बरगड्या वर-खाली झाल्या ना? आपल्याला बरगड्यांच्या 12 जोड्या असतात, गाईबैलांना 13. त्यांच्यामधले आणि त्यांच्यावरचे स्नायू जन्मल्यापासून राबत असतात, श्वासासाठी आणि चालण्यासाठी. ज्या स्नायूला खूप राबावं लागतं, त्याला मजबूत बांधणी लागते. पाठीच्या कण्यालगत आतल्या बाजूला एक आळशी स्नायू असतो. त्याला फारसं काम नाही, म्हणून त्याचं मांस मऊ आणि महाग. बरगडीचं मांस कष्टाळू, म्हणून चिवट.

ही बांधणी ज्याची असते त्याचं नाव कोलॅजेन. तुमच्या-माझ्याही अंगात ते आहे: त्वचेत, हाडांत, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेत. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा एकट्या कोलॅजेनचा. चामड्याची चप्पल म्हणजेही मुख्यतः कोलॅजेनच. चपलेचा तळ आणि दुपारचा तो वातड तुकडा एकाच घराण्यातले!

कोलॅजेन इतकं दणकट का, हे कोडं सुटलं आपल्या मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, आणि हे सांगताना मला फार आनंद होतो. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन नावाचे, नुकतीच तिशी ओलांडलेले प्राध्यापक होते. त्यांनी आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजेनच्या धाग्यांवर क्ष-किरण सोडले, फिल्मवर उमटलेले ठिपके तासन्‌तास तपासले आणि 1954 साली सांगितलं: यात तीन साखळ्या आहेत, शेजारी-शेजारी. पुढच्याच वर्षी त्यांनी आपलं उत्तर आणखी सुधारलं: त्या तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या आहेत. अगदी तीन पेडांच्या दोरासारख्या.

या दोराची आतली रचनाही बघा. प्रत्येक साखळी म्हणजे छोट्या-छोट्या मण्यांची माळ. त्यातला दर तिसरा मणी असतो ग्लायसिन, सगळ्या मण्यांत चिमुकला. तो असा का? कारण तीन पेड आवळून पिळले की मधोमध जागाच उरत नाही. तिथे बारकाच मणी मावतो. दर तिसरा मणी मधे येतो, म्हणून दर तिसरा मणी बारका! चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत एक सभागृह आहे, त्याचं नावच ‘ट्रिपल हेलिक्स’, म्हणजे तिपेडी पीळ.

चला परत भांड्याकडे. आतलं तापमान हळूहळू चढतंय.

50 अंश सेल्सिअसच्या आसपास स्नायूच्या धाग्यांमधली प्रथिनं गोठू लागतात. अंड्याचा पांढरा भाग गोठतो ना, तसंच. 60 ते 65 अंशांवर कोलॅजेनचे दोर अंग चोरतात, आखडतात. आखडताना ते स्नायूच्या धाग्यांना असे आवळतात, की ओलं फडकं पिळावं तसं मांसातलं पाणी बाहेर येतं. दुपारचा तुकडा वातड लागला तो यामुळे. धागे गोठलेले, पाणी गेलेलं आणि दोर अजून शाबूत.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तव्यावर भडक आचेवर हीच बरगडी टाकली, तर म्हण तंतोतंत खरी ठरते. बाहेरून करपेल, आत पीळ तसाच. कारण पीळ सुटायला नुसती उष्णता पुरत नाही. ओलावा हवा, आणि वेळ हवा. 70 अंशांच्या वर गेल्यावर दोराचे पेड एकेक करून सैल होऊ लागतात, पण सावकाश, तासामागून तास. सुटलेले पेड भोवतालच्या पाण्यात विरघळतात. आता त्यांचं नावही बदलतं. पिळलेलं होतं तोवर कोलॅजेन, सुटलं की जिलेटिन.

दोर गेले, म्हणून स्नायूचे धागे एकमेकांपासून सुटे झाले. हाडाला धरून ठेवणारंही काही उरलं नाही, म्हणून हाड निसटलं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. संध्याकाळचं ते मांस रसदार लागतं. पण त्यातलं पाणी तर केव्हाच पिळून निघालं होतं! मग रस कुठून आला? तो जिलेटिनचा आणि वितळलेल्या चरबीचा. जिलेटिन धाग्यांच्या मधे पसरतं, बुळबुळीत, तुकतुकीत, आणि जिभेला वाटतं, वा, किती रसाळ. दुपारी जे दातांना नकोसं झालं होतं, त्यानेच संध्याकाळी जिभेला खूश केलं.

या भांड्याला वीज किती लागते माहीत आहे? मध्यम आकाराचा स्लो कुकर साधारण 200 वॅटवर चालतो, म्हणजे हजार वॅटच्या इस्त्रीच्या पाचव्या हिश्शावर. तापणारी तार बहुतेक वेळा तळाशी नसून भोवताली गुंडाळलेली असते, आणि जाड चिनीमाती ती ऊब सगळीकडे सारखी वाटते. म्हणून खाली लागत नाही, ढवळावं लागत नाही. ‘लो’ आणि ‘हाय’ ही दोन बटणं शेवटी पोहोचतात जवळजवळ एकाच ठिकाणी, उकळीच्या किंचित खाली. फरक फक्त पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. झाकण मात्र उघडायचं नाही. एकदा डोकावलात की वाफ पळते आणि गेलेली ऊब परत यायला 15-20 मिनिटं जातात. इतकी कमी धग असल्यावर दुसरं काय होणार!

आपल्या चुलीलाही अशी सोय होती, आजीला विचारा. मुख्य चुलीच्या शेजारी आणखी एक भोक असायचं, त्याला म्हणतात वैल. चुलीतली उरलेली धग तिथे जायची, आणि त्यावर वरण नाहीतर दूध निवांत शिजत राहायचं.

विजेच्या भांड्याची गोष्टही अशाच उरलेल्या धगीतून सुरू होते. अर्विंग नॅक्सन नावाचे अमेरिकन संशोधक होते. त्यांच्या आईचं बालपण लिथुआनियात, एका ज्यू घरात गेलेलं. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विश्रांतीचा वार, शब्बाथ. त्या वेळात चूल पेटवायची नाही. मग शनिवारी गरम जेवण कसं मिळणार? गावातली मुलं शुक्रवारी संध्याकाळी घरचं भांडं बेकरीत नेऊन देत. त्यात कडधान्यं, बटाटे, मांस असं सगळं. भट्टी विझवलेली असे, पण तिची ऊब रात्रभर टिके. दुसऱ्या दिवशी भांडं घरी आणायचं. या पदार्थाचं नाव चोलंट. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनना सुचलं, की भट्टीची ती ऊब भांड्यालाच गुंडाळली तर? त्यांना 1940 साली पेटंट मिळालं. पुढे 1970 साली त्यांचा उद्योग एका मोठ्या कंपनीने विकत घेतला, आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे भांडं घराघरांत गेलं. ती कंपनी कुठली? कॅन्सस सिटीचीच!

शब्बाथ आपल्या कोकणालाही जुना ओळखीचा आहे. रायगडातले बेने इस्रायल हे घरात मराठी बोलणारे ज्यू. ते तेलाचे घाणे चालवत, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजारचे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

आता अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कुणाला स्लो कुकरचं बार्बेक्यू दाखवलंत, तर तो मान हलवेल. म्हणेल, धूर कुठाय? त्याचं बरोबर आहे. खरं बार्बेक्यू ओकच्या लाकडाच्या धुरात तासन्‌तास होतं. तिथे एक गंमत घडते. मांसाचं तापमान 65-70 अंशांपर्यंत चढतं आणि मग अडतं. जाळ चालू, पण काटा हलत नाही, कधी-कधी काही तास. कारण मांसाला घाम येतो! आतलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणाने. स्लो कुकरमध्ये झाकण असतं, वाफ कुठे जाणार? म्हणून तिथे ही अडवणूक नाही.

पण झाकणाचा तोटाही आहे. भाकरीवरचे खरपूस डाग किंवा परतलेल्या कांद्याचा तांबूस रंग यायला कोरडा आणि पाण्याच्या उकळीपेक्षा बराच गरम पृष्ठभाग लागतो. बंद ओल्या भांड्यात तो कुठून मिळणार? म्हणून जाणते लोक बरगड्या आधी तव्यावर चांगल्या खरपूस भाजून घेतात आणि मग भांड्यात ठेवतात. मला विचाराल तर ही पायरी वगळू नये. अर्धी चव तिथे आहे.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. ते इतकं हळू तापतं, की मधल्या कोमट वेळात जंतूंची चंगळ होते. आणि राजमा! कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. दहा मिनिटं खळखळ उकळलं की ते निकामी होतं. पण नुसत्या मंद आचेवर ते टिकून राहू शकतं, आणि मग उलट्या होऊन पोट बिघडतं. म्हणून राजमा भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात दणदणीत उकळा, आणि मगच हव्या त्या भांड्यात घाला. मंद आच सगळ्यांना मानवत नाही.

रात्री उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवलाय. सकाळी वाटी बाहेर काढा. वर चरबीचा पांढरा थर, आणि खाली रस्सा चक्क थरथरतोय, जेलीसारखा! पायाचं सूप रात्री उरलं की तेही असंच थिजतं. सुतारांचा जुना सरसही हाडं-चामडी उकळून असाच बनायचा. कोलॅजेन या नावातला ‘कोला’ म्हणजे ग्रीक भाषेत सरसच.

रस्सा थिजला कशाने? गार होताना जिलेटिनचे सुटे पेड एकमेकांना शोधू लागतात. जिथे भेटतील तिथे थोडे-थोडे पुन्हा तीन-तीन मिळून पिळले जातात. पहिल्यासारखा अखंड दोर होत नाही. मधेमधे गाठी मारलेलं जाळं होतं, आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. आठ तास शिजून, विरघळून, नाव बदलूनही त्यांना पीळ आठवतो!

वाटी गरम पाण्यात धरा आणि कडेकडेने बघत राहा. जेली हलते, सैलावते, पुन्हा रस्सा होते. परत फ्रीजमध्ये ठेवलीत तर पुन्हा थिजेल.