आठ किल्ले, एक शत्रू

मुलांनो, उर्दू दास्तानांमध्ये तुम्ही 'देव' वाचला असेल. त्याचा देह डोंगराएवढा असतो आणि तो राजकन्येला पळवून नेतो. मराठीत मात्र 'देव' या शब्दाचा अर्थ ईश्वर असा आहे. दास्तानातल्या देवाला मराठीत 'राक्षस' म्हणतात. गोष्टीतला राक्षस एकदा मेला की गोष्ट संपते. पण एका गोष्टीतला राक्षस एकदा हरूनही संपत नाही. तो एकूण आठ वेळा समोर येतो. ही गोष्ट पुस्तकातली नाही, व्हिडिओ गेममधली आहे. त्या राक्षसाचे नाव बाउझर.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमधील निन्टेंडो कंपनीने 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ बाजारात आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. पुढे हा खेळ जगभर पसरला. १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे आपल्याकडेही आली. यंत्रात कॅसेट बसवायची, हातात रिमोट घ्यायचा आणि टीव्हीसमोर बसायचे. घरात यंत्र एक आणि खेळणारी भावंडे चार, असे दृश्य जालन्यासारख्या शहरांतही दिसू लागले. त्या काळातील मुले आज आईबाप झाली आहेत. त्यांना विचारा, मारिओचे नाव त्यांना नक्की आठवेल.

खेळाची कथा साधी आहे. बाउझरने राजकन्येला कैद केले आहे आणि मारिओला तिची सुटका करायची आहे. वाटेत आठ प्रदेश लागतात. प्रत्येक प्रदेशाचे चार टप्पे आहेत, म्हणजे एकूण बत्तीस टप्पे झाले. चौथा टप्पा नेहमी किल्ल्याचा असतो. किल्ल्याच्या शेवटी एक पूल आहे आणि पुलाखाली तापलेला लाव्हारस आहे. पुलावर बाउझर उभा असतो. त्याचे शरीर कासवासारखे, पाठीवर काटेरी कवच आणि तोंडात आग. मियामोतो यांच्या मनात आधी बैलासारखा राक्षस होता. तेझुका यांना त्यात कासव दिसले. खेळात कासवासारखे इतर शत्रू होतेच. म्हणून बाउझर त्यांचा राजा झाला.

या राक्षसाला हरवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग बळाचा. वाटेत आगीचे फूल मिळाले असेल तर मारिओ आगीचे गोळे फेकू शकतो. असे पाच गोळे लागले की बाउझर पडतो. पण ही शक्ती टिकवणे अवघड असते. वाटेत एखाद्या शत्रूचा धक्का लागला की ती जाते.

दुसरा मार्ग युक्तीचा. आपल्या लोककथांत राक्षसाचा जीव पोपटात असतो. बाउझरचा जीव जणू एका कुऱ्हाडीत आहे. पुलाच्या पलीकडच्या टोकाला ती कुऱ्हाड असते. मारिओने तिला नुसता स्पर्श केला की पूल तुटतो आणि बाउझर लाव्हारसात पडतो. मात्र कुऱ्हाडीपर्यंत जायचे तर बाउझरला ओलांडावे लागते. त्यासाठी आधी थांबून पाहावे लागते. तो पुढे येतो, मागे जातो, मध्येच उंच उडी मारतो. त्याने उडी मारली की त्याच्या खालून पळायचे. ज्याच्याजवळ कोणतीही शक्ती उरलेली नाही, असा लहान मारिओसुद्धा या मार्गाने जिंकू शकतो.

आता गंमत ऐका. पहिल्या सात किल्ल्यांतील बाउझर खरा नसतोच! आगीच्या गोळ्यांनी त्याला पाडले की त्याचे सोंग उतरते. पहिल्या किल्ल्यात त्याच्या जागी एक साधा छोटा शत्रू निघतो. मारिओच्या एका उडीत चिरडला जाणारा! दुसऱ्या किल्ल्यात कासव निघते, चौथ्यात काटेरी कवचाचा शत्रू, तर सातव्यात हातोडे फेकणारा शिपाई. पण कुऱ्हाडीच्या मार्गाने जिंकणाऱ्याला हे सोंग दिसत नाही. म्हणून कितीतरी मुलांनी हा खेळ वर्षानुवर्षे खेळला, तरी हे रहस्य त्यांना कळले नाही. त्यांना एवढेच कळे की, किल्ला जिंकला तरी राजकन्या तिथे नाही. तिचा सेवक मारिओचे आभार मानतो आणि ती दुसऱ्या किल्ल्यात असल्याचे सांगतो.

मग एकच शत्रू आठ वेळा का आणला असेल? याचे एक कारण जागेची टंचाई. हा सारा खेळ अवघ्या ४० किलोबाइट जागेत बसवलेला आहे. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. म्हणून रचनाकारांनी प्रत्येक चित्र काटकसरीने वापरले. या खेळातील ढग आणि झुडूप नीट पाहा. दोन्हींचा आकार एकच आहे, फक्त रंग वेगळा आहे. त्याचप्रमाणे एकाच राक्षसाचे चित्र आठही किल्ल्यांत कामाला आले.

पण नुसती पुनरावृत्ती केली असती तर मुले कंटाळली असती. म्हणून प्रत्येक वेळी थोडा बदल केला. पहिल्या पाच किल्ल्यांत बाउझर फक्त आग ओकतो. सहाव्या आणि सातव्या किल्ल्यांत तो हातोडे फेकतो. आठव्यात आग आणि हातोडे दोन्ही एकदम येतात. चौथ्या, सातव्या आणि आठव्या किल्ल्यांत वाटही फसवी आहे. चुकीच्या वाटेने गेलात तर तीच जागा पुन्हा पुन्हा समोर येते. म्हणजे शत्रू ओळखीचा आहे, पण परीक्षा दर वेळी थोडी कठीण होते. आठव्या किल्ल्यात खरा बाउझर भेटतो, तेव्हा त्याच्याशी लढण्याची विद्या खेळाडूला आधीच आलेली असते. ती त्याला सात खोट्या बाउझरांनीच शिकवलेली असते.

खेळाच्या सुरुवातीला मारिओला तीन जीव मिळतात. ते संपले की खेळ पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू होतो. वीज गेली तरी तेच. कॅसेटमध्ये काहीही साठवले जात नसे. गुण जात, नाणी जात, जिंकलेले किल्ले जात. पण बाउझर कधी उडी मारतो, हे खेळणाऱ्याच्या डोक्यात राही. ते कोणी पुसू शकत नसे. म्हणून काल जो पहिल्या किल्ल्यात हरला, तो आज तिसऱ्यापर्यंत जाई.

अभ्यासातही असेच घडते. पाचवीत अपूर्णांक भेटतो. पुढच्या वर्गांत तोच वेश बदलून टक्केवारीत आणि व्याजात भेटतो. त्याला पाहून घाबरू नका. क्षणभर थांबा, त्याची चाल पाहा. हा आपल्या ओळखीचाच आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

स्वाध्याय

१. बाउझरला हरवण्याचे दोन मार्ग कोणते?
२. पहिल्या सात किल्ल्यांतील बाउझरचे रहस्य अनेक मुलांना का कळले नाही?
३. 'देव' या शब्दाचा उर्दू दास्तानांतील आणि मराठीतील अर्थ सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.
४. तुम्हाला पुन्हा पुन्हा अडवणाऱ्या एखाद्या अडचणीविषयी पाच वाक्ये लिहा.