भगवा निवडताना

आटपाडीच्या बाजार समितीत डाळिंबाचे सौदे एकदा तरी पाहावेत. प्रतवारी करून आणलेल्या क्रेटच्या रांगा लागतात, व्यापारी रांगेवरून रांगेकडे सरकतात, बोली चढते आणि सहा महिन्यांच्या कष्टाचं मोल काही क्षणांत ठरतं. पण बोलीआधी जाणता व्यापारी एखादं फळ फोडून दाणा पाहतो आणि तोंडात टाकतो. शहरातलं गिऱ्हाईक मात्र सालीच्या लालीवर भाळतं. मला तो मार्ग चुकीचा वाटतो. गोड, मऊ दाण्याचं डाळिंब हवं असेल तर आधी वाण ओळखावा, मग फळाची पक्वता. सालीचा रंग सगळ्यांत शेवटी.

माणदेशाचा हा तालुका पर्जन्यछायेतला. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी इथे फार उशिरा आलं. त्याआधी शेततळ्यातल्या आणि टँकरच्या पाण्यावर, ठिबकच्या थेंबाथेंबावर लोकांनी बागा जगवल्या. हलकी मुरमाड जमीन आणि कोरडी हवा डाळिंबाला मानवते. पाणी साचलेली काळी जमीन त्याला सोसत नाही. ज्या रानात ऊस उभा राहिला नसता, त्या रानातलं फळ युरोपात पोचलं.

आज आपण गोड डाळिंब म्हणतो, ते पिढ्यान्‌पिढ्या असंच नव्हतं. जुन्या देशी झाडांची बी कडक असायची, चावताना दाताखाली टोचायची. डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्यातल्या गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात १९३६ साली ‘आळंदी’ वाणातून मऊ बियांची निवड केली. तिला पुढे १९७० मध्ये ‘गणेश’ हे नाव मिळालं. गणेशचा दाणा फिकट गुलाबी, चव सौम्य आणि गोड. महाराष्ट्रात डाळिंबशेतीचा पाया घातला तो या वाणानं. पण बाजाराला गडद रंग हवा होता. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर ‘गुल-ए-शाह रेड’शी झाला. त्या वाणाचा दाणा रक्तासारखा लाल, पण आंबट आणि टणक बियांचा. आईबापांतला एक गोड आणि फिका, दुसरा लाल आणि आंबट. संततीत दोघांचे गुण हवे तसे जमवायचे, हे निवडीचं चिकाटीचं काम. त्यातून आधी ‘मृदुला’ आला आणि २००३-०४ च्या सुमारास ‘भगवा’. भगव्याची साल जाड आणि चकचकीत, त्यामुळे लांबचा प्रवास सोसणारी. दाणा लाल, टपोरा, बी मऊ. शेंदरी, केशर, अष्टगंधा अशा नावांनीही तो विकला जातो, म्हणून पाटीवरच्या वेगळ्या नावासाठी वेगळे पैसे मोजण्याआधी विचारावं. अमेरिकेत दुकानादुकानांतून दिसतो तो ‘वंडरफुल’ वाण, आंबटगोड आणि कडक बियांचा. त्याची सवय असलेल्या जिभेला भगव्याचा मऊपणा नवा वाटतो.

आता पक्वतेची गोष्ट. डाळिंब झाडावरून तोडलं की त्याचं पिकणं थांबतं. आंबा अढीत पिकतो. डाळिंबाला ही सोय नाही. कच्चं तोडलेलं फळ घरी आठवडाभर ठेवलं तरी गोड होणार नाही. ‘ठेवा, पिकेल’ असं कोणी म्हणालं तर ते फळ परत ठेवावं.

पिकलेलं फळ पूर्ण गोल राहत नाही. दाणे भरले की आतून रेटा येतो, बाजू किंचित चपट्या होतात आणि कडा जाणवू लागतात. टोकाकडच्या पाकळ्या आत वळतात. टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो. एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत धरावीत, जड असेल ते घ्यावं. भगवा फुलापासून तयार व्हायला साधारण सहा महिने घेतो. जून-जुलैत धरलेल्या मृग बहाराचं फळ डिसेंबरपासून पुढे येतं, लवकर धरलेल्या बागांचं दिवाळीच्या मागेपुढे. पावसात वाढलेल्या फळावर डाग अधिक. जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या आंबे बहाराला पाणी जास्त लागतं, पण कोरड्या हवेमुळे फळ स्वच्छ येतं.

प्रतवारी वजनावर चालते: पाचशे ग्रॅमच्या वर ‘किंग’, चारशेच्या वर ‘क्वीन’, तीनशे ते चारशे ‘प्रिन्स’. भेट द्यायची असेल तर किंग शोभून दिसतं. घरी खायला मी प्रिन्सच घेईन. दाणा तोच, भाव कमी.

डागांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण शेतकऱ्याचं सगळ्यांत मोठं नुकसान तिथेच होतं. तेल्या हा जिवाणूजन्य रोग. आधी तेलकट, मग काळपट डाग पडतात आणि तिथे साल तडकते. हवेतला ओलावा वाढला की तो झपाट्यानं पसरतो. मर रोगानं तर झाडंच्या झाडं वाळतात. या दोन रोगांनी आणि खोडकिडीनं माणदेशातल्या कितीतरी बागा मोडल्या, लोकांनी उभी झाडं उपटून टाकली. तेल्याचा जिवाणू माणसाला अपाय करत नाही. साल तडकलेली नसेल तर आतला दाणा बहुधा निर्मळ असतो, आणि असं फळ फार स्वस्तात मिळतं. उन्हानं भाजलेलं फळ वेगळं: एका बाजूला तपकिरी, कडक चट्टा असतो आणि त्याखालचे दाणे फिके पडतात. ते टाळण्यासाठी शेतकरी झाडांवर जुन्या साड्यासुद्धा पांघरतात. तडा गेलेलं, हाताला मऊ लागणारं फळ मात्र घेऊच नये. बुरशी तिथूनच आत शिरते.

विक्रेत्याला एक फळ फोडून दाखवायला सांगायला संकोचू नये. दाणा चाखावा, बी चावून पाहावी. घरी आणलेली फळं पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे टिकतात. उघड्यावर साल आक्रसते, वाळते, पण आतले दाणे त्यानंतरही बरेच दिवस रसरशीत राहतात. फोडताना टोकाची चकती कापावी, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेत सालीला चिरा द्याव्यात आणि हातानं उकलावं. दाणा फुटत नाही आणि रसही वाया जात नाही.