नरसाळ्याचा हिशेब

घरातल्या भांड्यांत नरसाळे हे एकच असे, की ज्यात काहीही साठवता येत नाही. तरी ते लागते, आणि नेमके लागते तेव्हा हमखास सापडत नाही. मग वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून भागवले जाते, नाहीतर प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून. पेट्रोल संपलेल्या स्कूटरपायी रस्त्याच्या कडेला अशी कितीतरी नरसाळी तयार होतात. कागदाचे असो की पत्र्याचे, नियम एकच: वरून पडेल तेवढे सगळे खालून निघाले पाहिजे. नरसाळे गाळत नाही, निवडत नाही, मागे काही ठेवून घेत नाही. प्रयोगशाळेत त्यात गाळणकागद घालतात खरा, पण गाळण्याचे काम त्या कागदाचे. नरसाळे त्याला नुसते धरून असते.

या साध्या नियमात बरेच काही दडलेले आहे. पावसाची मोजणी त्यावर चालते, खंभातची भरती त्यानेच चढते, आणि अरुंद जिन्यावर माणसे मरतात तीही त्यानेच.

बाटलीतली हवा

आधी स्वयंपाकघरातली अडचण. डब्यातले तेल बाटलीत ओतताना नरसाळे बाटलीच्या तोंडात घट्ट बसले की तेल मध्येच थबकते. वर तेल काठोकाठ, खाली बाटली रिकामी, आणि थेंब काही उतरत नाही. बाटली रिकामी आहे असे आपल्याला वाटते, पण ती हवेने भरलेली असते. तेल आत जायचे तर तेवढी हवा बाहेर यायला हवी, आणि तिची वाट नरसाळ्यानेच अडवलेली असते. मग ती बुडबुडा होऊन तेलातून वर येते, म्हणून तो गुडगुड आवाज. सवयीचा हात नरसाळे किंचित उचलून धरतो आणि धार सुरळीत लागते. चांगल्या नरसाळ्याच्या नळीवर बाहेरून उभ्या उंचवट्याच्या रेघा असतात. त्या शोभेच्या नव्हेत, हवेला वाट मिळावी म्हणून काढलेल्या असतात.

एकही थेंब न सांडता

पर्जन्यमापकाचे वरचे अंग म्हणजे नरसाळेच. सायमन्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मापकात त्याचे तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचे असते आणि कड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच, म्हणजे जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे आत येत नाहीत. खाली बाटली. सकाळी साडेआठला तिच्यातले पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा.

यासाठी नरसाळे कशाला, साधे पातेले का नको? पाऊस मोजायला भांडे ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचे भांडे त्यासाठी ठेवायला सांगितले आहे. पण उघड्या भांड्यातले पाणी वारा आणि ऊन उडवून नेतात. नरसाळे पाऊस रुंद तोंडाने घेते आणि चिंचोळ्या नळीआड जपते, त्यामुळे बाष्पीभवन फारच कमी होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गणित करून पाहा: हाताच्या पंजाएवढ्या त्या १२७ मिलिमीटरच्या तोंडात तेवढ्या पावसाचे जवळजवळ १२ लिटर पाणी पडते. मापकातल्या बाटलीत ते मावणेच शक्य नाही. म्हणून जोराच्या पावसात साडेआठची वाट न पाहता बाटली पुन्हा पुन्हा रिकामी करून मोजावे लागते. पडलेला थेंब हिशेबातून सुटता कामा नये.

चाळणीला नरसाळे म्हणण्याची सोय

आता ऑफिसात चला. हिंजवडी असो की बीकेसी, विक्रीची चर्चा निघाली की पडद्यावर 'सेल्स फनेल'चे चित्र झळकतेच. वर जाहिरात पाहणारे असंख्य, त्याखाली चौकशी करणारे, मग भाव विचारणारे आणि तळाशी खरेदी करणारे मूठभर. चित्र नरसाळ्याचे, पण काम चाळणीचे. नरसाळ्यात हजार थेंब पडले तर हजार खाली येतात. इथे हजार पडतात आणि दहा-वीस उतरतात. उरलेले गेले कुठे, हे त्या चित्रात दिसत नाही.

विक्रेत्याला ते चालते, कारण न आलेल्या गिऱ्हाइकाचे त्याला काही देणे नसते. पण हेच चित्र आता नोकरभरतीला आणि स्पर्धा परीक्षांनाही लावतात: पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, निवड. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण खालच्या नळीतून बाहेर येत नाहीत, ते मधल्याच भोकांतून गळतात. चाळणी म्हटले की चाळून उरलेल्यांचे काय, असा प्रश्न आपोआप पडतो. नरसाळे म्हटले की तो टळतो.

चढणारे पाणी

खरे नरसाळे काही गळू देत नाही, म्हणूनच ते धोक्याचेही होऊ शकते. आलेले सगळे पुढे न्यायचे आणि वाट अरुंद होत जायची, अशा वेळी मागचे पुढच्यावर चढते.

मुंबईत साडेचार मीटरची भरती म्हटली की महापालिका सावध होते. तिथून उत्तरेला खंभातच्या आखातात, भावनगरजवळ, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. आखाताचे तोंड अरबी समुद्राकडे रुंद उघडते आणि उत्तरेकडे ते अरुंद आणि उथळ होत जाते. भरतीच्या पाण्याला बाजूला पसरायला जागा नाही, मग ते उंच होते. या पाण्यावर अलंगचा जहाजतोडणीचा धंदा १९८३ पासून उभा आहे. मोठ्या उधाणाला जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचे आणि पाणी ओसरले की चिखलात रुतलेल्या जहाजावर गॅस कटर चालवायचे. कोरडी गोदी बांधण्याचा खर्च वाचतो, कारण जहाज वर उचलण्याचे काम आखातच करते.

बंगालच्या उपसागराचे उत्तर टोकही असेच निमुळते. १९७० च्या नोव्हेंबरमधल्या भोला चक्रीवादळात वाऱ्याने रेटलेले पाणी त्या टोकात कोंडले आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या सखल बेटांवरून गेले. किमान तीन लाख माणसे गेली, असे मानले जाते.

चाड्यावरची मूठ

पाणी निदान चढून का होईना वाट काढते. धान्याचे तसे नाही. नरसाळ्यात पाणी जितके उंच भरावे तितका खालचा जोर वाढतो. धान्याच्या उंच कोठीत मात्र खूपसा भार भिंती पेलतात, हे जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये दाखवून दिले. म्हणून वरून आणखी ओतल्याने धान्य वेगाने उतरत नाही. उलट भोक लहान असेल तर दाणे एकमेकांना रेलून कमान धरतात आणि सगळे ठप्प होते. ती कमान मोडायला गिरणीवाला खोक्याच्या पत्र्यावर चापट मारतो.

आपल्या शेतकऱ्याने यावर काढलेला तोडगा तिफणीवर दिसतो. तिफणीचे चाडे म्हणजे लाकडी नरसाळेच. तळाला तीन भोके, प्रत्येक भोकाला एक नळा, नळ्याखाली फण. पण चाडे बियाण्याने कधी भरत नाहीत. पेरणारी बाई ओटीतून मूठभर बी घेते, मूठ चाड्यावर धरते आणि बैलांच्या चालीने बोटांतून दाणे सोडत जाते. मूठ सैल पडली तर पेर दाट होते, आवळली तर तासात खाडे पडतात. खालची वाट जेवढी घेऊ शकते तेवढेच वरून सोडायचे, हे ती मूठ ठरवते. म्हणून चाड्यावर मूठ कुणाची असावी, हे घरात विचार करून ठरते.

मूठ नसलेले जिने

गर्दी जोवर विरळ असते तोवर माणसे पाण्यासारखी सरकतात. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात जण झाले की कुणाचेच पाय आपल्या मनाने चालत नाहीत. मागचा रेटा नेईल तिकडे जावे लागते आणि पुढे वाट तुंबली की दाण्यांसारखी कमान बसते. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर लोक आडोशाला थांबले, लोकल मागून लोकल येत राहिली आणि अरुंद जिन्यावर २३ जणांचा जीव गेला. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीला देवळाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या, दुकानांनी दाटलेल्या वाटेवर अडीचशेहून अधिक भाविक गेले. दोन्हीकडे मागून येणाऱ्यांना पुढे काय झाले ते दिसत नव्हते. बाटलीतल्या हवेसारखी पुढच्यांना परतायलाही वाट नव्हती.

अशा प्रसंगानंतर चर्चा होते ती पूल रुंद करण्याची. तो करायलाच हवा. पण रुंद पुलाच्या टोकालाही कुठेतरी जिना असतो, फाटक असते, गाभारा असतो. सगळ्या वाटेतले सर्वांत अरुंद ठिकाण जेवढी माणसे सोडते त्याहून जास्त वरून आली, तर गर्दी तिथेच साचणार. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी पार गोपाळपूरपर्यंत जाते. लोक तासन् तास उभे राहतात, कुरकुरतात, पण गाभाऱ्याच्या दाराचा वेग ओळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलेला असतो. नरसाळ्याचे रुंद तोंडच काढून टाकून सगळी नळी केली आहे. रेल्वेच्या पुलावर आणि जत्रेच्या घाटात अशी ओळ लावणे सोपे नाही. तिथे निदान वरच्या टोकाला माणसे मोजणारा, गाडी फलाटाबाहेर थांबवण्याचा किंवा वाट काही मिनिटे बंद ठेवण्याचा अधिकार असलेला कुणीतरी उभा हवा. रुंदीकरणाच्या निविदेआधी त्या माणसाची नेमणूक व्हायला हवी.