दौलताबादचा हौद, चाळीसगावचा टांगा

उस्मानपुऱ्यातून वेरूळला जायचे तर रस्ता कोणाला विचारावा लागत नाही. क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, खाम नदीवरचा लोखंडी पूल, छावणी, नगर नाका. नाक्यावर एक वाट नगर-पुण्याकडे वळते, ती सोडायची. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर मागे पडले की देवगिरीचा तासलेला डोंगर दिसू लागतो. दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून गाडी काढली की घाट, वर कागजीपुरा, मग खुलताबाद आणि पलीकडच्या उतारावर वेरूळ. तीसेक किलोमीटर झाले. त्याच रस्त्याने पुढे गेलो तर कन्नड येते आणि औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. सगळे मिळून शंभर किलोमीटरच्या आत. सोलापूर-धुळे महामार्गाचा हा तुकडा. कागदावर त्याचा क्रमांक २११ होता, आता ५२ आहे. नवा चौपदरी मार्ग दौलताबाद टाळून काढला, तेव्हापासून जुन्या रस्त्यावर सहलीच्या गाड्यांचीच गर्दी अधिक.

या रस्त्यावरचे राजे लोकांना पाठ आहेत. यादव, खिलजी, १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे आणणारा तुघलक, निजामशहा, मोगल, निजाम. गाईड मंडळी तासभर सांगतात आणि रंगवून सांगतात. आमचे त्या राजांशी वैर नाही. परंतु रस्त्याचा इतिहास म्हणजे त्यावरून गेलेल्या हत्तींचा आणि पालख्यांचाच इतिहास काय? ज्याला रस्त्यावर टांग्यात बसवून न्यायला कोणी तयार नव्हते, ज्याला रस्त्याकडेच्या हौदाला हात लावण्याची बंदी होती, त्याचा इतिहास कोणी लिहायचा? तो लिहिलेला आहे. खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. आपणच तो वाचत नाही. आमची ही तक्रार आधी आपल्याच माणसांवर आहे.

बाबासाहेबांच्या आठवणींची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही टिपणे त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिका म्हणून काढली आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या १२ व्या खंडात ती आली. त्यातले दोन प्रसंग या एकाच रस्त्यावरचे आहेत. एक चाळीसगावचा, १९२९ सालचा. दुसरा दौलताबादचा, १९३४ सालचा. एक घाटाखाली, दुसरा घाटावर. मध्ये पाच वर्षे.

आधी दौलताबाद, कारण ते आपल्या उंबऱ्यावर आहे. चळवळीतले तीसेक सहकारी बाबासाहेबांसोबत वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. नाशिकहून येवला, येवल्याहून निजामाच्या मुलखात. बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेतल्या होत्या. दौरा मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय काय सोसावे लागते याची त्यांना पूर्ण कल्पना होती. जिथे थांबायचे तिथल्याच आपल्या लोकांना निरोप होता. दौलताबादला वेशीवर लोक वाट पाहत उभे होते. आधी चहा-फराळ करा, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. पण दिवस मावळायच्या आत किल्ला पाहायचा होता. चहा परतताना घेऊ, असे सांगून मंडळी पुढे गेली.

रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक हौद होता आणि भोवती दगडी फरसबंदी. दिवसभराच्या प्रवासाने तोंडे, अंग, कपडे धुळीने माखलेले. काही जणांनी फारसा विचार न करता त्या पाण्याने हातपाय धुतले, तोंडे धुतली, आणि सगळे दाराशी गेले. परवानगीची विचारपूस चालली होती तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान मागून ओरडत आला. धेडांनी हौद बाटवला म्हणून. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरगावचे, इथला रिवाज आम्हाला ठाऊक नाही, असे या मंडळींनी सांगितले. तेव्हा जमावाचा राग वळला तो मागून येऊन पोचलेल्या स्थानिक अस्पृश्यांवर. तुम्ही यांना आधी का सांगितले नाही?

इथे आम्ही दरवेळी थांबतो. मुंबईचा बॅरिस्टर गाडीत बसून संध्याकाळी निघून जाणार होता. त्या वेशीवरच्या माणसांना मात्र दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचे होते, त्याच लोकांच्या दारात कामाला जायचे होते. त्यांनी मांडून ठेवलेल्या चहाचे पुढे काय झाले असेल?

अखेर बाबासाहेबांनी जमावाला रोखठोक विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल काय. गर्दी जरा गप्प झाली. पहारेकऱ्याने चिठ्ठीवर नाव लिहून घेतले, आत नेले, आणि हुकूम आणला. किल्ला पाहा, पण आत कुठल्याही पाण्याला शिवायचे नाही. हुकूम पाळला जातो की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला. लंडन आणि कोलंबियाच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला माणूस बंदुकीच्या पहाऱ्यात देवगिरी चढला.

अलीकडे हा प्रसंग काही लोकांना फार आवडू लागला आहे. बघा, मुसलमानही तुम्हाला असेच वागवत होते, असे सांगत ते आपल्या वस्त्यांतून फिरतात. प्रसंग खरा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. अस्पृश्य हा हिंदूला जसा अस्पृश्य तसा मुसलमानालाही, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी तो लिहिला. पण त्या टिपणांची पहिली पाने हे सद्गृहस्थ का वाचून दाखवत नाहीत? बापाला भेटायला निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला बैलगाडीच्या वाटेवर पाणी मिळाले नाही, ते कोणाच्या मुलखात? बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, तेव्हा हिंदू मित्रांनी काय उत्तर दिले? आणि याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगावात, काय घडले?

मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला ते खानदेशात आले, आणि परतताना चाळीसगावच्या लोकांनी स्टेशनवर गाठून एक रात्र राहण्याची गळ घातली. स्टेशनापासून महारवाडा पायी जाता येण्याजोगा, पण आपल्या पाहुण्याला पायी न्यायचे लोकांच्या मनाला पटेना. टांगेवाला एकही यायला तयार नाही. तासभर खोळंबा झाला. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायला टांगेवाला येणार नाही. तेव्हा आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडांत अडकले, टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पायाचे हाड मोडले. उचलून त्यांना वस्तीत नेले तेव्हा बायका-पोरे रडत होती. टांगा का उलटला याचे खरे कारण बाबासाहेबांना नंतर कळले. लोकांनी ते लाजेने दडवून ठेवले होते. टांगेवाला बॅरिस्टरला हाकून न्यायला तयार नव्हता, आणि आपले लोक बॅरिस्टरला पायी चालवायला तयार नव्हते.

आता वकील म्हणून दोन शब्द. चाळीसगाव मुंबई इलाख्यात होते. तिथल्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. त्याच ठरावाच्या पायावर महाड घडले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात चवदार तळ्याचा दावा आपण जिंकलो. पण टांगा खासगी मालकीचा. टांगेवाल्यापर्यंत तो ठराव पोचत नव्हता. दौलताबादचे उलटे. हौद सार्वजनिक होता, परंतु मुलूख निजामाचा, तिथे बोले ठरावाचा अंमल नव्हता. एका टोकाला कायदा होता आणि तो अपुरा होता, दुसऱ्या टोकाला कायदाच नव्हता.

हे डोक्यात ठेवून संविधानाचे कलम १५ चे दुसरे उपकलम वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट आणि त्यांच्याच रांगेत रस्ते. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात रस्ता हा शब्द कशाला हवा होता, असे कायद्याचे विद्यार्थी आम्हाला विचारतात. वायकोमला १९२४ साली सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हे, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी झाला, हे त्यांना ठाऊक नसते. नंतर १९५५ चा कायदा आला, ज्याला आपण आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो. त्याच्या चौथ्या कलमात तलाव आणि नळ आहे, रस्ता आणि पायवाट आहे, स्मशानभूमी आहे, सार्वजनिक वाहन आहे. चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादचा हौद एकाच कलमात बसले. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक गोष्ट आली. मिरवणूक काढण्याचा हक्क.

आमच्याकडे ज्या फायली येतात त्यांत पाण्याचे भांडण आता क्वचित असते. रस्त्याचे मात्र नेहमीचे. बौद्धवाड्यातून स्मशानभूमीकडे जाणारी वाट कोणाच्या तरी बांधाने गिळलेली असते. सातबारावर ती नसते, नकाशात पुसट असते. तहसीलदारापुढे वहिवाट सिद्ध करा म्हणतात. मयत दारात ठेवून पोरे आमच्याकडे फोन करतात. आणि एप्रिल उजाडला की मिरवणुकीच्या परवानगीचे अर्ज. तारीख मिळते, वाद्याची परवानगी मिळते, मार्ग मात्र दाखवला जातो गावाबाहेरून. मुख्य रस्त्याने का नाही? शांततेला बाधा येईल म्हणून. कोणाच्या शांततेला, हे कागदावर लिहिलेले नसते. नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात १ जून २०२३ रोजी आपल्या एका तरुणाचा खून झाला. भीमजयंतीची मिरवणूक काढल्याचा राग मनात धरून तो केला, अशी फिर्याद आहे. रस्ता हा शब्द संविधानात कशाला, असे आता तरी कोणी विचारू नये.

एक गोष्ट राहिली, ती रस्ता बांधणाऱ्यांची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातले कितीतरी रस्ते खडी फोडून, मुरूम टाकून तयार झाले. त्या कामांवर भूमिहीन माणूस होता, म्हणजे मोठ्या संख्येने आपला माणूस होता आणि त्याहून अधिक आपली बाई होती. आमच्या आईच्या पिढीला विचारा, खडीच्या ढिगाचे माप त्यांना अजून तोंडपाठ आहे.

खुलताबादला अलीकडे लोक भांडायला जातात. औरंगजेबाच्या कबरीवरून मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगल पेटली. त्याच खुलताबादेत मलिक अंबरची कबर आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. हबसाणातला गुलाम, बाजारात अनेकदा विकला गेलेला, दख्खनेत येऊन निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली खडकी हे गाव त्याने राजधानी म्हणून वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. त्याने शहराला नहर-ए-अंबरीतून पाणी आणले. १६२६ साली तो गेला. भडकल दरवाजा त्याचाच, आणि त्या दरवाजाशी आज बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. चौदा एप्रिलला लाखो लोक तिथे अभिवादनाला येतात. त्यांतल्या कितीजणांना माहीत आहे की ही कमान एका गुलामाने उभारली?

वेरूळबद्दल आम्ही इथे लिहीत नाही. पहिली बारा लेणी आपली, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. दहाव्या लेण्यातल्या चैत्यात बसलेल्या बुद्धासमोर त्रिसरण म्हटले की आवाज छतापर्यंत घुमतो. तो ज्याने ऐकला त्याला वेगळे सांगायला नको.

परतीच्या वाटेवर छावणीपाशी आलात की डाव्या हाताला, थोडे आत, नागसेनवन आहे. १९३४ साली याच वाटेवर पाण्यावरून शिव्या खाल्लेला माणूस १९५० साली महाविद्यालय काढायला इथे आला. त्याच वर्षी २६ जानेवारीपासून निजामाच्या जुन्या मुलखात भारताचे संविधान लागू झाले होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसली. दौलताबादच्या वेशीवर चहा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांची नातवंडे त्या इमारतीत शिकली असतील.

आमची सूचना साधी आहे. आपल्या शाळा, वसतिगृहे, बुद्धविहारे वेरूळच्या सहली काढतात. गाडी दौलताबादला थांबते, पोरे अंधारी वाट पाहतात, वरची तोफ पाहतात, सीताफळे घेतात आणि पुढे निघतात. यापुढे किल्ल्याच्या दाराबाहेर पंधरा मिनिटे थांबा. एका मुलाला १२ व्या खंडातले ते दोन प्रसंग मोठ्याने वाचायला सांगा. पहिल्यांदा वाचणारा मुलगा अडखळेल, 'धेड' हा शब्द आला की मान खाली घालेल. त्याला थांबवू नका, शेवटपर्यंत वाचू द्या. मग सगळ्यांनी पाणी प्यावे आणि किल्ला चढायला लागावे.